तालीम कुठे करतात?

आमच्या आबांनी एकदा लोकलच्या प्रवासात मला एक प्रश्न विचारला. मी त्यांना तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि विषय मिटवला, असे मला वाटले. तो मिटला नव्हता. आज इतक्या वर्षांनी त्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी दिवाळी अंकाची पाने अडवून बसलो आहे, यावरून तो किती चिवट होता ते वाचकांच्या ध्यानात येईल.

झाले होते असे. महालक्ष्मीला लक्ष्मी मिलच्या आवारात एक जुने गोदाम दुरुस्त करून तिथे २०१५ साली ‘जी-फाइव्ह-ए’ नावाचे कलाकेंद्र सुरू झाले. नाव ऐकून मला आधी तो एखाद्या बसचा नंबर वाटला. नाटक, संगीत, सिनेमा, वाचन असे पुष्कळ काही तिथे होते, असे कळले होते. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. त्यामुळे असल्या ठिकाणी एकट्याने जायला मला थोडा संकोच वाटतो. म्हणून सोबतीला आबांना घेतले. ते गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीच्या आवारात त्यांना संकोच वाटायचे कारण नव्हते.

नाटक चांगले झाले. पण मला त्या जागेविषयी बोलायचे आहे. आत एक मोठी काळी खोली. पडदा नाही, उंच रंगमंच नाही. जमीन सगळी एका पातळीची. खुर्च्या आज इकडे तोंड करून मांडाव्यात, उद्या तिकडे. नट अगदी आपल्या गुडघ्यापाशी येऊन बोलतो आणि कुजबुजला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाते. गोदामाचे गोदामपण त्यांनी पुसून टाकलेले नाही आणि ‘बघा बघा, हे गोदाम होते हं!’ म्हणून मिरवलेलेही नाही. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. आमच्याकडे जुन्या वास्तूला नवे रूप द्यायचे म्हटले की लोक तिला एकतर रंग फासून नवरी करतात किंवा मुद्दाम पोपडे ठेवून भिकारीण करतात. इथे तसे काही नव्हते.

परत येताना गाडीत आबा बराच वेळ गप्प होते. कुर्ला गेल्यावर म्हणाले, “जागा झकास आहे. पण तालीम कुठं करतात रे?”

मी म्हणालो, “करत असतील कुठेतरी.”

“मग ते घर नव्हे. कार्यालय झालं. नटूनथटून यायचं, अक्षता टाकायच्या आणि जायचं.”

त्या संस्थेवर हा शेरा थोडा अन्यायाचा होता, हे मी आजही म्हणेन. तिथे कार्यशाळा होतात, नव्या मंडळींना हाताशी धरले जाते. पण आबांचा रोख एका संस्थेवर नव्हताच. मुंबईत गेल्या पंचवीस वर्षांत जुन्या गिरण्यांचे, गोद्यांचे, कारखान्यांचे जे ‘नवे जीवन’ सुरू झाले आहे, त्या सगळ्याला त्यांनी नकळत एक फूटपट्टी लावली होती. ती हातात घेऊन मी पुढे बऱ्याच जागा हिंडलो. जे दिसले ते सांगतो.

आधी ही फूटपट्टी आली कुठून ते सांगितले पाहिजे. आबा कोकणातून मुंबईस आले ते १९६८ साली. लालबागेत एका गाळ्यात वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत. कुणी पहिल्या पाळीला गेला की त्याच्या वळकटीच्या जागी रात्रपाळीचा येऊन पडे. आबा आधी बदलीवर होते, पुढे कायम झाले. आणि त्या गाळ्यात, त्या गर्दीत, दर वर्षी एक नाटक बसत असे. प्रयोग परळच्या दामोदर हॉलमध्ये. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली हे नाट्यगृह उभारले. त्याला नाव गिरणीमालक दामोदर ठाकरसी यांचे, आणि रंगमंचावर मात्र कामगार. प्रयोग एका रात्रीचा. पण तालीम तीन महिने चाले. कधी गच्चीवर, कधी व्यायामशाळेत, कधी युनियनच्या कचेरीत टेबले बाजूला सारून. आबा सांगतात की साचेखात्यातल्या नटांना शिकवणे फार अवघड जाई. हजार साचे एकदम चालू असताना कानात बोट घातले तरी काही ऐकू येत नाही, म्हणून ती माणसे ओठांवरून बोलणे ओळखायला शिकलेली. तालमीतही ती सवयीने नुसते ओठ हलवत. मग दिग्दर्शक ओरडे, “अरे, बोला! नुसते ओठ हलवू नका!”

मी माझ्या एका कादंबरीत गिरणीचा भोंगा वाजवला आहे. चांगला दोन पाने वाजवला आहे. ते वाचून आबा म्हणाले होते, “भोंगा बरा वाजलाय. पण ही माणसं रात्री करतात काय? नुसती दुःखच करतात?” त्या वेळी मला राग आला होता. आता वाटते, टीकाकारांनी दाखवला नाही तो दोष त्यांनी दाखवला. गिरणगावाविषयी लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी तिथला घाम लिहिला, संप लिहिला. तालीम लिहिली नाही. आणि हीच चूक आज गिरण्यांच्या इमारतींत कला नेऊन ठेवणारे करत आहेत. ओसाड जागी आपण प्रथमच संस्कृतीचे रोप लावतो आहोत, अशी त्यांची समजूत दिसते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले ते १९४४ साली. त्यांचा प्रेक्षक कोण होता? ज्यांच्या शेडमध्ये आज आपण खुर्च्या मांडतो, तेच लोक! अण्णा भाऊ तर आमच्या घाटकोपरचे. चिरागनगरच्या झोपडपट्टीत त्यांनी वर्षानुवर्षे काढली. त्या गल्ल्यांतून मी रोज शाळेत जातो. एवढा मोठा शाहीर आणि कादंबरीकार जिथे राहिला त्या भागात एखाद्या पोराला ढोलकीवर थाप मारायची असेल, तर शेजारी भिंतीवर थाप मारतात.

आता जागेचा हिशेब पाहू. तो रुक्ष आहे. चकलीचा तुकडा तोंडात टाकून वाचावा.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली; दोन वर्षांनी ती ताडदेवला चालू झाली. पुढे शंभर वर्षांत गिरण्यांनी शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन व्यापली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळसे परत आत गेलेच नाहीत. आबा त्यांतलेच. पुढे घाटकोपरला एका कारखान्यावर पहारेकरी झाले. १९९१ साली सरकारने नियम केला की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळ तीन वाटे करावेत: एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. नियम बरा होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ठरले की वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची. जिच्यावर इमारत उभी आहे ती वाटणीत धरायची नाही. गिरणीत मोकळी जमीन असते किती? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दुरुस्तीच्या विरुद्ध कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मार्चमध्ये तो फिरवला. शहराच्या वाट्याला चतकोर आला.

साहित्याच्या अंकात हे कशाला, असे कुणी विचारील. कारण याच हिशेबात कलेचे भवितव्य आहे. जुनी व्यापारी इमारत कलावंताच्या उपयोगी पडते ती देखणी असते म्हणून नव्हे. ती मोठी असते, पडून असते, स्वस्त असते आणि तिथे भिंतीत खिळा ठोकला तर कुणी ओरडत नाही, म्हणून उपयोगी पडते. जेन जेकब्ज या बाईंनी अमेरिकेतल्या शहरांविषयी १९६१ साली पुस्तक लिहिले, त्यात हाच मुद्दा मांडला आहे: नव्या, अजून न पिकलेल्या कल्पनेला नव्या इमारतीचे भाडे परवडत नाही. आता जिच्यात विटेपेक्षा खालची जमीन शंभरपट मोलाची आहे, ती शेड पडून असली तरी स्वस्त कशी राहणार? न्यूयॉर्कच्या सोहो भागात कापडाच्या रिकाम्या वखारींत चित्रकार राहायला गेले, ते भाडे कमी म्हणून. त्यांच्यामुळे त्या भागाला नाव आले, नावामुळे दुकाने आली, दुकानांमुळे भाडे वाढले आणि चित्रकारांनी गाशा गुंडाळला.

आमच्याकडे एवढेही झाले नाही. आमच्याकडे दुकाने आधीच आली. लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल झाला. चिमणी तेवढी ठेवली आहे. तिला पाहून मला नेहमी एखाद्या घरी दिवाणखान्यात टांगलेल्या वाघाच्या मुंडक्याची आठवण होते. कुलाब्याची मुकेश मिल आगीनंतर बंद पडली आणि वर्षानुवर्षे सिनेमावाल्यांना भाड्याने जात राहिली. तिथे भुते नाचली, गुंड मेले, नायिकेने गाणी म्हटली. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

ससून डॉकविषयी मात्र आहे. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेने तिथल्या जुन्या गोदामात कलाप्रदर्शन भरवले होते. मी आठवी-नववीची बारा मुले घेऊन घाटकोपरहून निघालो. ही गोदी ससून घराण्याने १८७५ साली बांधली. पश्चिम किनाऱ्यावरची ही पहिली ओली गोदी, म्हणजे भरती-ओहोटीची पर्वा न करता जिच्यात जहाज तरंगत राहते अशी. बांधली ती कापसाच्या व्यापारासाठी. नांदली ती मासळीवर. दारातच वासाने मुलांचे स्वागत केले. निम्म्या मुलांनी नाके धरली, उरलेल्यांनी त्यांना ‘शहाणे’ म्हणून चिडवले. आत खोल्याखोल्यांतून रंग, दिवे, दोऱ्या, आरसे. काही कामे खरोखर छान होती. काही अशी की ती इथून उचलून दिल्लीला किंवा बर्लिनला ठेवली असती तरी त्यांना चुकल्यासारखे वाटले नसते. चित्रकलेचा मास्तर म्हणून माझे मत विचाराल तर त्या प्रदर्शनातली सर्वांत मोलाची गोष्ट आत नव्हतीच. ती बाहेरच्या भिंतीवर होती: गोदीतल्या माणसांचे मोठमोठे कृष्णधवल चेहरे. तिकीट नव्हते, त्यामुळे पाहणाऱ्यांत सगळे होते. माझ्या शेजारी एक कोळीण टोपली टेकवून उभी होती. मी पाहतो आहे असे दिसल्यावर म्हणाली, “ती वरची माजी जाऊ हाय. भितीवर कशी गप बसलीय बगा, मास्तर!”

कुठल्याही समीक्षकाला याहून नेमके बोलता आले नसते. चित्राने जावेला मोठे केले होते आणि गप्पही केले होते.

माझा एक विद्यार्थी प्रदर्शन सोडून बाजूच्या शेडपाशी रेंगाळत राहिला. तिथे बायका कोळंबी सोलत होत्या. त्याने वहीत नुसती बोटे काढली. पान भरून बोटे. मी त्याला हाका मारून आत नेले, कारण आम्ही प्रदर्शन पाहायला आलो होतो. मास्तर म्हणून केलेल्या मूर्खपणांची माझी यादी मोठी आहे, त्यात हा वरच्या अंगाला आहे.

प्रदर्शन डिसेंबरअखेर संपले. पुढे २०२२-२३ च्या हिवाळ्यात त्याच गोदीत पुन्हा मोठा कलामहोत्सव झाला. मधली पाच वर्षे? त्या काळात जावेच्या मुलीला भिंतीवर काही काढावेसे वाटले असते तर गोदामाची किल्ली कुणाकडे मागायची? पाहुणा हौशी होता, शहाणा होता, येताना खाऊ घेऊन आला. पण होता पाहुणाच. आणि त्याच डिसेंबरच्या २९ तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे गेली. एकाच महिन्यात शहराने जुन्या इमारतींचे दोन नवे संसार पाहिले. मुलांना मी दुसऱ्याविषयी काही सांगितले नाही. त्यांना माझ्याआधी ठाऊक होते.

मग तालीम होत असलेली जागा मुंबईत कधी झालीच नाही काय? झाली. ती गिरणी नव्हती, शाळा होती. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने नाटके सुरू केली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी. दिवसा मुलांचा गोंगाट, संध्याकाळी नाटक. हॉल साधा, सोयी बेताच्या, बाहेर दादरची गर्दी. पण भाडे परवडण्याजोगे होते, स्टेशन पाच मिनिटांवर होते, आणि फसायची मुभा होती. पुष्कळ नाटके फसलीही. फसली म्हणूनच काही अशी निघाली की मराठी रंगभूमीचे वळण बदलले. तिथे गेलेली जुनी माणसे आज खुर्च्यांविषयी बोलत नाहीत. जिन्यातल्या गप्पांविषयी बोलतात. इमारतीला नवे जीवन मिळते ते जिन्यात मिळते, असे माझे मत त्यांचे ऐकून झाले आहे.

उलट प्रकारही झाले. लालबागेतल्या हनुमान थिएटरात एके काळी तमाशाचे फड गाजत. तो जमाना ओसरल्यावर तिथे लग्ने लागू लागली. म्हणजे आबांच्या भाषेत घराचे खरेच कार्यालय झाले. दामोदर हॉल २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाला, तेव्हा कलावंत रस्त्यावर आले. आबांनी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून ठेवली आहे. चष्मा लावून ते ती अधूनमधून पुन्हा वाचतात आणि काही बोलत नाहीत.

आणखी एक जागा आहे, आणि माझ्या साऱ्या तक्रारीतली आशा तिच्यात अडकली आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या आवारात महापालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचे आहे. या गोष्टीची चर्चा सुरू होऊन दशकाहून अधिक काळ लोटला. संग्रहालय म्हटले की साचा येणार, धोटा येणार, चिमणीची प्रतिकृती येणार, मेणाचा कामगार येणार. येऊ द्यात. पण एक शेड मोकळी ठेवा. तिला नाव देऊ नका, तिचे उद्घाटन करू नका. तिथे पाण्याचा नळ आणि रात्री दहापर्यंत दिवा असू द्या. लालबाग-परळची भजनी मंडळे, नमन-जाखडीवाले, एकांकिकेची पोरे आणि कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरणारी मंडळी यांना ती आळीपाळीने मिळू द्या, गाळ्यात वळकटी मिळत असे तशी. लंडनमध्ये टेम्सच्या काठी एका बंद वीजकेंद्रात २००० साली भव्य कलादालन उघडले. ते पाहून आमचे लोक येतात आणि तसेच हवे म्हणतात. तसे एक हवेच. पण ज्या शहरात घरात पाय लांब करायला जागा नाही, त्या शहरातल्या नटाला दालनापेक्षा हात फिरवायला जागा जास्त हवी आहे.

हे मी कशाच्या बळावर म्हणतो ते सांगून थांबतो. घाटकोपर पश्चिमेला शास्त्री मार्गालगत, ज्याला आमचे जुने लोक अजून आग्रा रोड म्हणतात, तिथे छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत. पुष्कळ बंद पडले. पुष्कळांच्या जागी काचेच्या इमारती उठल्या. त्यांतला एक गाळा त्याच्या मालकाने आमच्या मुलांना तालमीसाठी दिला आहे. पूर्वी तिथे प्रेसवर वॉशर कापत. प्रेस भंगारात गेला. त्याचे चार बोल्ट मात्र जमिनीतून बोटभर वर आले आहेत, ते कशानेच निघत नाहीत. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला ठेच लागली. आता मुले त्या बोल्टांवरूनच जागा धरतात: “तू दुसऱ्या बोल्टापाशी मर, मी चौथ्याकडून येते.” ऐतिहासिक वास्तू म्हणून या गाळ्याची नोंद कुणी करणार नाही, आणि इस्टेटीच्या पुनर्विकासाची नोटीस फाटकावर लागून सहा महिने झाले. मालक म्हणतो, “तोडायला येईपर्यंत करा.”

आबा रोज येतात. दारापाशी लोखंडी स्टूल टाकून बसतात. वय झाल्यामुळे त्यांना कमी ऐकू येते. पण मागच्या आठवड्यात तालीम ऐन रंगात असताना एका मुलीचे वाक्य मध्येच पडले, ते आम्हा कुणाच्या लक्षात यायच्या आधी त्यांच्या लक्षात आले. “ए पोरी, बोल की! नुसते ओठ हलवू नकोस!”

दिवाळीच्या सुट्टीत तालीम संध्याकाळी सातला आहे. किल्ली फाटकाजवळच्या पानवाल्याकडे असते. जो आधी येईल त्याने घ्यावी आणि दिवा लावावा.